भिंगरीची माळ

गाड्यांना वाचा होती, तेव्हाची गोष्ट. दरवर्षी घाटात त्यांची शर्यत लागे. पायथ्याहून निघायचं नि माथा गाठायचा. भिंगरी जीप दरसाल दुसरी यायची. यंदा तिनं अंगावरचं ओझंच उतरवलं. स्टेपनी काढली, टप काढला, मग ब्रेकला हात घातला.

"अगं, मला कुठं काढतेस?" ब्रेक कळवळला.

"चढाच्या शर्यतीत तुझं काय काम, दादा?"

आणि खरंच, भिंगरी पहिली आली! माथ्यावरच्या गवतात आपसूक थांबली. ढोल वाजले, गळ्यात झेंडूची माळ पडली.

संध्याकाळी गाड्या घाट उतरू लागल्या.

"चल गं घरी!"

भिंगरीनं उताराकडे पाहिलं. "तुम्ही व्हा पुढे."

पुढच्या वर्षी गाड्या धापा टाकत माथ्यावर पोचल्या, तेव्हा सुकलेली माळ घातलेली भिंगरी तिथंच उभी होती.

"खाली सगळे बरे आहेत ना?" तिनं विचारलं.