ओव्यांचा रांजण

एका राज्यात बारा वर्षे एकही मूल मोठे झाले नाही.

पाळण्यातले पाळण्यातच राहिले, रांगणारे रांगतच राहिले. पोटुश्या बाया पोटुश्याच राहिल्या. अंगणातल्या रोपांचे वृक्ष झाले, वासरांचे बैल झाले, बैल म्हातारे होऊन गोठ्यात बसले. माणसांची मुले मात्र होती तेवढीच. नांगर धरणारे हात थकले आणि त्यांच्यामागे नवे हात आले नाहीत. राजा उदयमित्राने देशोदेशीचे वैद्य आणवले. वैद्य आले, मुलांच्या नाड्या पाहून गेले. कुणालाच काही उमगले नाही.

हे कशाने झाले, ते एकाच माणसाला ठाऊक होते. ती राजाची राणी वेलावती.

बारा वर्षांपूर्वी राजकन्या कुंदकळी पाच वर्षांची झाली, त्या दिवशी राणी तिची वेणी घालत बसली होती. लेकीच्या मानेवरची कोवळी लव पाहून ती सहज बोलून गेली, "ही अशीच राहावी. कधी मोठी होऊ नये."

महालात त्या दिवशी एक परका गायक आला होता. त्याचे नाव निर्घोष, आणि तो मांत्रिक होता. तो म्हणाला, "राणी, ही तुझी आज्ञा समजू?"

राणी हसली. "समज," म्हणाली.

"मग किंमत घेतो," असे म्हणून त्याने ओंजळ उघडली. त्या राज्यातल्या बायकांनी लेकरांसाठी रचलेली प्रत्येक ओवी, प्रत्येक अंगाई जात्यावरून, पाळण्यावरून, ओठांवरून उठली आणि धुराच्या बटेसारखी त्याच्या ओंजळीत जाऊन बसली. निर्घोष गेला. त्या दिवसापासून आयांनी गायला तोंड उघडले की नुसता श्वास बाहेर येई.

राणी हे कुणाला सांगू शकली नाही. पहिली काही वर्षे तर ती मनातून सुखातच होती.

तेराव्या वर्षी साळू नावाची कुंभारीण दरबारात आली. तिच्या कडेवर दोन महिन्यांचे मूल होते.

"महाराज," साळू म्हणाली, "बारा वर्षं याला अंगावर पाजतेय. माझी हाडं वाजायला लागली. माझ्यामागं याला कोण बघणार? आणि हा मला काय म्हणून हाक मारील, ते ऐकायचंच राहिलं."

राजाने मान खाली घातली. राणी उठून आत गेली. आत कुंदकळी खिडकीत बसली होती.

"आई," ती म्हणाली, "मी पाळलेली चौथी खार काल गेली. सगळी माझ्यापुढे जातात. मी पुढे का जात नाही?"

राणीने त्याच पावली दरबारात परत येऊन सर्वांसमोर सत्य सांगितले. राजा सिंहासनावरून खाली उतरला. मग म्हणाला, "तू बांधलेली गाठ तूच सोड. जा."

वेलावती अंगावरच्या लुगड्यानिशी निघाली.

राज्याच्या सीमेवर एक उंच बेहड्याचे झाड होते. त्याच्या ढोलीचे तोंड मातीने लिंपलेले होते, आणि फटीतून एक मोठी पिवळी चोच बाहेर आली होती. ती धनेश पक्ष्याची मादी होती. ती बोलली, "राणी, तुला निर्घोषाकडे जायचे आहे."

"होय. पण तू आत कोंडलेली का?"

"मीच कोंडून घेतले आहे. आत माझी पिले आहेत. त्यांना पंख फुटले की ही भिंत फोडीन."

"आणि नाही फोडलीस तर?"

"तर हे घरटे राहणार नाही, तुरुंग होईल," धनेश म्हणाली. "आता ऐक. मूल वाढते ते ओवीच्या पायऱ्यांनी. आई गाते, मग मूल कुशीवर वळते. आई गाते, मग ते उभे राहते. निर्घोषाने पायऱ्याच काढून नेल्या. सीमेपलीकडे तुझी जीभ मोकळी होईल, पण जुनी ओवी एकही आठवणार नाही. तीन ठिकाणी तुला नवी ओवी रचावी लागेल. ती खरी असली तरच वाट देईल."

राणीने सीमा ओलांडली.

पहिल्या दिवशी वाटेत कातळ आडवा आला. त्याला दार नव्हते, फट नव्हती. कातळ म्हणाला, "तान्ह्याची ओवी सांग." राणीने डोळे मिटले. कुंदकळीच्या कपाळाचा दुधाळ वास तिला आला, आणि बारा वर्षांनी तिच्या गळ्यातून सूर निघाला:

*इवल्या मुठीत गं, बोट माझं धरलं,*
*शंभर कोसांचं राज्य, पाळण्यात उरलं.*

कातळ मधोमध दुभंगला.

दुसऱ्या दिवशी नदी आडवी आली. तिचे पाणी भिंतीसारखे उभे होते आणि त्यात मासे तरंगत होते. नदी म्हणाली, "धावत्या लेकराची ओवी सांग." राणीने गाइले की माझ्या लेकीच्या पायाखाली मी फुले अंथरली. पाणी हलले नाही. तिने गाइले की माझ्या लेकीला मी वारा लागू दिला नाही. पाणी आणखी हातभर उंच झाले.

राणी काठावरच्या चिखलात बसली. कुंदकळीला आपण कधी चिखलात उतरू दिले नाही, हे तिच्या ध्यानात आले. गुडघा फुटेल म्हणून पायऱ्यांवर गाद्या घातल्या होत्या. लेक त्या गाद्यांवरून खिन्न चेहऱ्याने चाले, ते तिने पाहिले होते आणि पाहून सोडून दिले होते. तिने हात चिखलात बुडवले आणि हळू आवाजात म्हटले:

*धाव धाव लेकी, पैंजण वाजू दे,*
*पडशील तर पड गं, माती अंगा लागू दे.*

पाणी खाली बसले. मासे वाहत निघून गेले. राणी गुडघाभर पाण्यातून पार झाली.

तिसऱ्या दिवशी ती डोंगरमाथ्यावर पोचली. तिथे निर्घोष एका काळ्या रांजणाला कान लावून बसला होता. रांजणाच्या आत हजारो बायका एकदम कुजबुजत होत्या.

"नऊशे वर्षांचा आहे मी," निर्घोष म्हणाला. "मला कुणी अंगाई म्हटली नाही. म्हणून या ऐकत बसतो. पण यांतली एकही माझी नाही."

"रांजण उघड," राणी म्हणाली.

"तो माझ्याने उघडत नाही. निघून जाणाऱ्या लेकीची ओवी म्हण, आपोआप उघडेल."

मोठी झालेली कुंदकळी राणीने पाहिली नव्हती. न पाहिलेले गावे तर ते खोटे ठरणार. सूर्य डोक्यावर आला, कलला. राणी तशीच उभी होती.

मग तिला स्वतःची आई आठवली. वेलावती मिठागरात जन्मलेली. राजाचा मेणा तिला न्यायला आला, तेव्हा आई मीठ ओढायचे टाकून वेशीपर्यंत धावत आली होती. हातांना भेगा, भेगांत मीठ. मेण्यात बसलेल्या लेकीने एकदाही मागे पाहिले नव्हते. आईने हाक मारली नाही. ती का मारली नाही, याचा विचार वेलावतीने आजवर केला नव्हता. तिला रडू आले, आणि रडतच तिने गाइले:

*वेशीपाशी आई माझी, उभी मिठाच्या हातानं,*
*मागं नाही पाहिलं मी, गेले हसत वाटेनं.*
*जा गं तशीच लेकी, मी उभी वेशीला,*
*नाही घालत हाकेची बेडी तुझ्या पावलाला.*

रांजण तडकला. ओव्या बाहेर पडल्या, आणि त्यांनी आकाश भरून गेले. साऱ्या दऱ्या गुणगुणू लागल्या. दूर मागे राहिलेले राज्य क्षणभर स्तब्ध झाले. मग घराघरांतून नवजात बाळांचे रडणे एकदम उठले.

निर्घोष रिकाम्या खापऱ्यांत बसून राहिला. राणी जायला वळली, पण गेली नाही. त्याच्याजवळ बसून तिने त्याचे पांढरे मस्तक मांडीवर घेतले आणि त्याच्यासाठी एक नवी अंगाई म्हटली, फक्त त्याच्या नावाची. नऊशे वर्षांचा मांत्रिक झोपी गेला. झोपेत त्याचा देह धुक्यासारखा विरळ झाला आणि वाऱ्याबरोबर गेला.

राणी परतली तेव्हा वेशीवर साळू उभी होती. तिचे मूल कुशीवर वळायला शिकले होते. राणी तिच्यापुढे हात जोडून म्हणाली, "तुझी बारा वर्षे मी परत देऊ शकत नाही."

"नाही देता येणार, राणीसाहेब," साळू म्हणाली. तिने मूल पुढे केले. "हा आता जड लागतो. घ्या, बघा."

राणीने मूल घेतले. ते खरेच जड होते. तिने ते पुष्कळ वेळ धरून ठेवले आणि मग त्याच्या आईकडे परत दिले.

राजा पुन्हा सिंहासनी बसला, जाती फिरू लागली, आयांच्या गळ्यांत सूर आले. आणि कुंदकळी, आणि त्या राज्यातली सारी मुले, एकेका दिवसाने, मोठी होऊ लागली.