येसाक्काची चढाई

“बेडकं राखतेस होय गं, येसाक्का?” हैबतनाना म्हणाला, आणि त्याच्या मागे उभे असलेले गडी हसले.

“राखते की,” ती म्हणाली. “नदी कुठवर येते ते त्यांना ठाऊक आहे. तुला वस्ताद होऊनही कळलं नाही.”

भांडण सकाळपासून चाललं होतं. मुरमाच्या गाड्या तळ्याकाठी खोळंबल्या होत्या आणि येसाक्का पहिल्या बैलजोडीच्या पुढ्यात उभी होती. आज शहराच्या बागेत शिरलं, की डाव्या हाताला पाणकणसांनी भरलेलं तळं आणि त्याला लागून हुतूतूचं मैदान दिसतं, ते हेच ठिकाण. पाहुणे विचारतात, एवढ्या मोलाच्या जागेत ही दलदल कशाला ठेवलीय, आणि इथले गडी सामन्याआधी समोर कुणी नसताना चढाई कशाला करतात? तेव्हा बागेतली जुनी माणसं पुढची हकिगत सांगतात.

त्या काळी इथं शहर नव्हतं, पेठ होती. नाना तिथल्या तालमीचा वस्ताद. त्याचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. मैदान अंगणाएवढं, जोरात मुसंडी मारली की गडी थेट चिखलात. बाहेरचे संघ हसायचे, पुढं पुढं तर यायचेच बंद झाले. तळं बुजवलं की मैदान तिप्पट होणार होतं. येसाक्काचं म्हणणं एवढंच, की नदी चढली की आधी या तळ्यात येऊन बसते. इथं जागा मिळाली नाही, तर ती खालच्या आळीत शिरेल. ती काठावर एकटी राहायची, पाणकणसांच्या पात्यांच्या चटया विणायची. नवरा जाऊन वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. एकट्या बाईचं खरं बोलणं चार बाप्यांच्या बैठकीत कुणाला सोसतंय? पंच बसले आणि तिला वाळीत टाकलं. तिच्याशी बोलायचं नाही, तिच्या हाकेला ओ द्यायची नाही, तिची चटई घ्यायची नाही.

“काठ सोडून जा, म्हणजे मिटलं,” असं तिला सांगण्यात आलं. तिनं ओंजळीत तळ्याचं पाणी घेतलं आणि शपथ घेतली, की खालची आळी बेसावध झोपते तोवर नदीवर नजर ठेवायला मी इथंच राहीन, हा काठ सोडणार नाही. पेठेनं तिच्याशी बोललेलं ते शेवटचं.

गाड्या रिकाम्या होऊ लागल्या. वर्षभरात अर्धं तळं बुजलं. येसाक्का विणत राहिली. विकत घेणारं कुणी नाही, तरी विणत राहिली. हात थांबले असते तर ती सबंध दिवस कशाकडं बघत बसली असती? झोपडीत आढ्यापर्यंत चटया रचल्या गेल्या. पाणी भरायला ती आली की पाणवठा रिकामा व्हायचा. कधी कधी ती आपलंच नाव मोठ्यानं घ्यायची म्हणे, ते कानाला कसं लागतं ते विसरू नये म्हणून.

पण दिवस कलला की मैदानावर खेळ सुरू व्हायचा. हुतूतूऽऽ हुतूतूऽऽ. तो आवाज पाण्यावरून थेट तिच्या दारात यायचा. कुणाचा दम लांब, कुणाचा मध्येच तुटतो, कोण घाबरून आधीच माघारी फिरतो, सगळं तिला तोंडपाठ झालं. चेहरे न बघता ती गडी ओळखू लागली. ज्यांनी तिची जागा बुजवली, त्यांचीच ती वाट बघायची. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. सांगणार तरी कुणाला?

श्रावणात एका पहाटे नदी चढली. पाणी सवयीनं तळ्याकडं आलं, मुरमाला थडकलं आणि वळलं. ते कुठं वळलं हे येसाक्कानं पाहिलं. ती धावत आळीत गेली, दारांवर काठी आपटू लागली, “उठा, पाणी आलं.” आत माणसं जागी होती. तिचा आवाज ओळखून सगळी गप्प राहिली. पंचांचा दंड कोण ओढवून घेणार? एकही कडी निघाली नाही.

तेव्हा ती आळीच्या तोंडाशी परत गेली, छाती भरून श्वास घेतला आणि धावत सुटली, हुतूतूऽऽ म्हणत. त्या आवाजावर गप्प राहायचं असा काही दंडक नव्हता. गडी अंथरुणातून उठून दाराबाहेर आले, आणि त्यांचे पाय पाण्यात पडले. आळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तिचा दम एकदाही तुटला नाही, असं सांगतात. साठी उलटलेल्या बाईला हे कसं जमलं, ते ज्याचं त्यानं ठरवावं.

घरं पडली, पण माणसं टेकडीवर चढली आणि सगळी वाचली. तिथल्या चिखलात लेकरांना निजवायला येसाक्काच्या झोपडीतल्या चटया आणून अंथरल्या. आढ्यापर्यंत होत्या, सगळ्यांना पुरल्या.

पाणी ओसरल्यावर पंच पुन्हा बसले, आणि पुन्हा भांडण पेटलं. आता नाना म्हणत होता, सगळं मैदान नदीला देऊन टाका, खेळ कायमचा बंद. गडी म्हणत होते, मग आम्ही कुठं जायचं? आवाज चढले, हात उगारले गेले. शेवटी नानानं येसाक्कापुढं पागोटं ठेवलं. “आक्का, तू सांगशील तसं.”

ती म्हणाली, तळ्यातला मुरूम उपसा आणि मैदानाच्या वरच्या अंगाला टाका. तेवढं मैदान उंच होईल, तळं खोल होईल. खालचा पट्टा उन्हाळ्यात तुमचा, श्रावणात नदीचा. गड्यांना पटलं. नाना मात्र हटेना. मला ते मैदान बघवत नाही, असं म्हणत राहिला. मग ती आणखी एक वाक्य बोलली, आणि मुरमाची पहिली पाटी नानानंच उचलली.

आजही बागेचा नवा नकाशा आला, की तेच भांडण पुन्हा निघतं, एक बाजू तळ्यावर प्रेक्षकांची गॅलरी काढते आणि दुसरी बाजू मैदानावर नुसतं पाणी. आजही मोसमाच्या पहिल्या दिवशी प्रत्येक गडी तळ्यातला एक पाटी गाळ उपसून वर टाकतो. मग एक जण समोर कुणी नसताना तळ्याच्या दिशेनं चढाई करतो, मोठ्यानं हुतूतू म्हणत, पलीकडच्या काठाला ऐकू जाईल असं. आणि तो परत आल्यावर संघातला सर्वांत थोरला गडी येसाक्काचं ते वाक्य म्हणतो:

“खेळ मोडू नका रे, वर्षभर माझ्या दारापर्यंत माणसाचा तेवढाच आवाज येत होता.”