निवटीचा चिखल

ती बाटली आधी खाली ठेवा. झाकण काढा. अर्धं पाणी ओता आणि बाटली त्या कांदळाच्या मुळाशी आडवी करा, म्हणजे ती निवटी आपली आपण बाहेर येईल. बाई, तुम्ही शाळेच्या पोरांना विचित्र प्राणी दाखवायला इतक्या लांब आणलंत, आणि हाती लागलेला पहिलाच प्राणी गळ्यापर्यंत पाणी भरून बंद केलात. वर म्हणता, मासाच ना, पाण्यात सुखी राहील. मला राग आलाय आणि तो मी लपवणार नाही. आमच्या गावाने हीच चूक एकदा केली आहे.

खाडीकाठचा हा काळा चिखल बघा. बाकी किनाऱ्यावर होड्या लागतात, जाळी वाळतात. इथे मात्र कुणी होडी लावत नाही की जाळं टाकत नाही. ह्याला निवटीचा चिखल म्हणतात. आमच्या पोरांची पहिली शाळा हीच. का, ते ऐका.

फार जुनी गोष्ट. गावात आवडू नावाची एक गाबतीण होती, कोळीणच म्हणा. नवरा दर्यात गेलेला, पदरात एकच मुलगी, शेवंती. ती तापाने फणफणली. आवडूने देवीला नवस बोलला, पोर उठली तर पाटीभर जिवंत मासे तुझ्या तळ्यात सोडीन. पोर उठली म्हणे.

पण नवस फेडायचा तर मासे कुठले? ऐन पावसाळा, होड्या वर ओढून ठेवलेल्या. तेव्हा बायकांनीच अक्कल सांगितली. चिखलात निवट्या आहेत की, त्याही मासेच. देवी काय मोजमाप घेऊन बसली आहे? देवीला फसवायला माणूस किती पटकन तयार होतो बघा. मग नवस एकीचा आणि पुण्य सगळ्यांना हवं, म्हणून घराघरांतून पाट्या निघाल्या. चिखल पार ओरबाडून काढला. निवट्या देवीच्या गोड्या तळ्यात ओतल्या. त्या काठाने वर चढू लागल्या, तेव्हा ह्या शहाण्यांनी तळ्यावर जाळं ताणलं आणि दगड लावून ते पाण्याखाली दाबलं. मासा पळू नये म्हणून.

पोरांनो, निवटी मासा आहे, पण हवेवरही जगते. गालात पाण्याचा घोट धरते, ओल्या कातडीने श्वास घेते, कातडी सुकू नये म्हणून चिखलात लोळते. पुढचे पर कोपरासारखे टेकून चालते. डोळे डोक्यावर, बेडकासारखे, चहूकडे बघायला. सगळं अंग ह्या चिखलासाठी घडलेलं. तिला पाण्याखाली दाबून ठेवलं तर ती बुडते. तळ्यात सकाळी पांढरी पोटं वर आलेली दिसली, असे सांगतात. गावाने काय म्हणावं? देवीने नैवेद्य घेतला.

पुढे काही दिवसांनी ओहोटीला आवडू लेकीला घेऊन तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, वेचायला ह्याच चिखलात उतरली. तुम्हाला भरती समोरून येते असं वाटतं ना? इथे ती मागच्या चरातून गुपचूप शिरते. आमच्या बायका समुद्राकडे बघतच नसत, निवट्यांकडे बघत. पाणी फिरलं की निवट्या काठाकडे सरकतात, कांदळाच्या मुळांवर चढतात. त्या चढल्या की बायका पाट्या उचलत. त्या दिवशी चढायला निवटीच नव्हती. आवडूचं लक्ष तिसऱ्यांत. मान वर केली तेव्हा चर भरला होता आणि शेवंती पलीकडे होती. आवडूने हाक मारली. पोर आईकडे धावली, ती थेट चरात.

लोक समजूत घालायला आले. म्हणाले, देवीचीच इच्छा. तेव्हा आवडू कडाडली म्हणे, "देवीचा नाव घेव नुकात. तिणा चेडू परत दिल्यान हुता. आमीच घालवलाव." चेडू म्हणजे मुलगी.

मग ती तळ्यावर गेली. जाळं उपसलं, फाडलं, आणि सडलेल्या निवट्यांची पाटी देवळाच्या पायरीवर ओतली. कुणी नाक धरलं, त्याला तिने हात धरून तिथेच बसवलं. सगळ्या गावासमोर तिने आण घातली. ज्या पोराने ह्या चिखलात बसून निवटी बघितली नाही, त्याच्या हाती पाटी-पेन्सिल द्यायची नाही. आणि शिकवणाऱ्याने आधी बसायचं, पोराने मागून.

निवट्या परत यायला बराच काळ गेला. पलीकडच्या खाडीतून हळूहळू आल्या, असे सांगतात. आवडू रोज काठावर बसून वाट बघायची. पहिली निवटी दिसली तेव्हा ती रडली नाही. शेजारणीच्या पोराला तिने बोलावून आणलं आणि म्हणाली, बघ.

आजही आमच्या गावात अक्षरओळख करून देण्याआधी गुरुजी पोरांना घेऊन ओहोटीला इथे बसतात. हात लावायचा नाही, बोलायचं नाही, नुसतं बघायचं. निवट्या वर सरकू लागल्या की पोराने आपणहून उठायचं. मोठी माणसं मागेच उभी असतात, पण हाक कुणी मारत नाही. हाक आवडूने मारली होती.

आली बघा बाहेर तुमची निवटी. बाई, चपला काढा आणि बसा. आधी तुम्ही.