कोंडवाड्याचा दरवाजा

ही गोष्ट गावात ट्रॅक्टर यायच्या आधी सुरू होते. तेव्हा जनावरं आणि दारं एकमेकांशी बोलायची. दुसऱ्याचं पीक खाणारं जनावर लोक गावच्या दगडी कोंडवाड्यात आणून कोंडायचे. त्याचा सागवानी दरवाजा मोठा रुबाबदार. चांदी नावाची शेळी तर तिथे इतक्यांदा आलेली, की तो तिला घरचीच समजायचा. "सोड ना दादा," म्हणत ती आतून शिंगं घासायची. तो हलायचा नाही.

पुढे ट्रॅक्टर आले, गुरं गेली आणि कोंडवाडा ओस पडला. "पाडून टाका," गावसभेत कुणीतरी म्हणालं, "दरवाजा सरपणाला होईल." ते ऐकून दरवाज्याच्या बिजागऱ्या थरथरल्या.

"जरा थांबा," सरपंच हौसाबाई म्हणाल्या. "आपण रोपं लावतो आणि उरलेल्या शेळ्या ती फस्त करतात. इथली आतली शेळी कधी बाहेर आली नाही. मग बाहेरची आत कशी जाईल?"

पावसाळा सरेपर्यंत कोंडवाड्यात आंब्याची, चिंचेची रोपं डोलू लागली. एका सकाळी चांदी आली आणि बाहेरून शिंगं घासू लागली.

"दादा, मला आत घे."

"का गं? तुला तर फरफटत आणावं लागायचं."

हिरव्या वासानं चांदीच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. मान खाली घालून ती म्हणाली, "हौसाबाईंच्या परसातला दोडक्याचा वेल मी अख्खा खाल्ला. कबूल करते. कोंड मला."

दरवाजा कुरकुरत हसला. "शिक्षा बदलली आहे, चांदे. आता बाहेर उभं राहायचं."