टिटवीच्या हाकेला ओ

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की कुठल्या रानात घडली असं विचाराल तर मला सांगता यायचं नाही. पण घडली एवढं खरं. पोरांनो, तुम्ही ऐकाच. आणि मागे भिंतीला टेकून, आपण ऐकतच नाही असं दाखवणाऱ्या मोठ्या माणसांनो, तुम्ही जरा नीटच ऐका.

त्या रानातून एक ओढा वाहायचा. उन्हाळा लागला की तो आटत जायचा, आणि वैशाखात त्याचे नुसते दगड उरायचे. पण कड्याखाली एक डोह होता, खोल आणि गार. त्याच्या जिवावर सगळं रान वैशाख काढायचं. म्हणून रीत अशी होती, की ओढ्यात एखादं डबकं शिल्लक आहे तोवर डोहाला कुणी तोंड लावायचं नाही.

डोहाची राखण रानाच्या राजाने, म्हणजे म्हाताऱ्या वाघाने, कोल्ह्याकडे दिली होती. कोल्हा हुशार होता, बोलायला गोड होता. पहिले काही उन्हाळे बरे गेले. मग रानडुकरं त्याच्याकडे येऊ लागली. येताना खेकडे आणायची, पिकली बोरं आणायची.

"कोल्होबा, अंगाची नुसती लाही होतेय. घटकाभर लोळू द्या की," डुकरं म्हणायची.

कोल्हा खेकडा फोडत म्हणायचा, "मी बाबा जेवायला बसलोय. जेवताना मी इकडेतिकडे बघत नाही."

डुकरं लोळायची, काठ उकरायची. काठ फुटला की पाणी खालच्या वाळूत जिरून जायचं. असं करता करता एका वर्षी वैशाख अर्ध्यावर असतानाच डोह संपला. किती पिल्लं गेली ते विचारू नका. ज्यांची गेली ते अजून सांगत नाहीत.

सगळे वाघाकडे गेले. "कोल्ह्याला काढा," म्हणाले.

वाघ म्हणाला, "समजा काढला. उद्या दुसरा नेमतो. परवा डुकरं त्याच्याकडे खेकडे घेऊन जातील. मग? मला वाटतं, राखणदारावरही नजर ठेवणारं कुणीतरी हवं."

आणि कोल्ह्याला तसंच ठेवून त्याच्यावर नजर ठेवायला त्याने टिटवीला नेमलं.

टिटवी का, तर ती डोहाच्या काठीच राहायची. उघड्यावर, खड्यांमध्ये तिचं घरटं. शिवाय काही वावगं दिसलं की तिला गप्प बसवत नसे. आवाज असा कर्कश, की तिच्याशी गोड बोलायला कुणी फिरकत नसे. वाघाला तेच हवं होतं.

पण वाघ एवढंच बोलून थांबला नाही. तो म्हणाला, "हिला नख्या नाहीत, शिंगं नाहीत. ही ओरडली की प्रत्येकाने ओ द्यायची, आणि ओ देत देत डोहावर यायचं. तुम्ही आलात तर हिला बळ. नाही आलात तर ही मूठभर पाखरू आहे, हे ध्यानात ठेवा."

"येऊ, येऊ," सगळे म्हणाले. आणि खरंच, पहिल्या वर्षी आले.

भर दुपारी टिटवी ओरडली, की चारी बाजूंनी ओ यायची, आणि मागोमाग पाचोळा वाजायचा. सांबरं यायची, माकडं यायची, ससेसुद्धा यायचे. एवढे सगळे काठावर उभे राहिलेले बघून डुकरं शेपट्या घालून पळायची. कोल्हा म्हणायचा, "मी आत्ता हाकलणारच होतो." त्या वैशाखात एक जीव तहानेने गेला नाही.

मग काय विचारता. टिटवी सगळ्यांची टिटवीताई झाली. मोर तिच्यासमोर नाचला. माकडं शेजारच्या रानात जाऊन सांगून आली, आमच्याकडे अशी अशी टिटवी आहे म्हणून.

पुढचा उन्हाळा आला. एक हरिणी करंजाच्या सावलीत पाडसाला घेऊन पडली होती. ऊन मी म्हणत होतं. टिटवी ओरडली. हरिणीने ओ दिली आणि उठायला पाय सरसावला. तेवढ्यात चहूकडून ओ ऐकू आली. तिने मनाशी म्हटलं, एवढे सगळे चाललेत. पाडसाची झोपमोड कशाला? आणि ती तशीच पडली.

वाईट होती का ती? नाही हो. थकलेली होती. माकडही थकलेलं होतं, सांबरही. प्रत्येकाला दुसऱ्याची ओ ऐकू येत होती, आणि दुसरा निघाला असं वाटत होतं.

कोल्ह्याने ती ओ ऐकली आणि तो खेकडा टाकून उठला. वाट बघितली. पाचोळा वाजेना. मग तो पुन्हा बसला आणि डुकरांना म्हणाला, "ऐकलंत ना? सगळं रान तिच्या बाजूने आहे. लोळा खुशाल."

त्यानंतर तसंच होत गेलं. उलट, येणं बंद झालं तशी ओ मोठी झाली. कुणाची ओ दणदणीत, यावर माकडांची पैज लागायची.

त्याच उन्हाळ्यात, चैत्र सरताना टिटवीने अंडी घातली. काठच्या खड्यांतच, दुसरीकडे कुठे घालणार? ऊन वाढलं की ती डोहाच्या कडेला पोटाची पिसं भिजवून यायची आणि अंड्यांवर बसायची. तेवढाच अंड्यांना गारवा.

एकदा कोल्हा जवळ येऊन बसला. "टिटवीताई, डुकरांची येण्याजाण्याची वाट नेमकी इथून जाते. त्यांना काही दिसत नाही चालताना. तू हे दिवस गप्प राहा, मी त्यांना पलीकडून वळवतो. पिल्लं झाली की मग ओरड की, कोण नको म्हणतंय?"

 टिटवी उडाली आणि थेट ओढ्यातल्या डबक्याच्या पाणवठ्यावर गेली. तिथे संध्याकाळी सगळे जमायचे.

"मला भीती वाटते," ती सरळ म्हणाली. "माझी अंडी त्यांच्या वाटेवर आहेत. मी ओरडायची थांबणार नाही, पण तुम्ही या. मला शाबासकी नको. नुसते येऊन उभे राहा."

सगळ्यांना गहिवरून आलं. सांबर म्हणालं, "ताई, अख्खं रान तुझ्या पाठीशी आहे." मग ते तिच्यासाठी एका आवाजात ओरडले. इतका मोठा आवाज त्या रानात कधी झाला नव्हता. हरिणीच्या डोळ्यांत तर पाणी आलं. टिटवीला वाटलं, आता कशाला घाबरायचं?

दुसऱ्याच दुपारी डुकरं आली. पुढे कोल्हा होता.

टिटवी ओरडली. सगळं रान ओ देऊ लागलं. ती पुन्हा ओरडली, पुन्हा ओ आली. ती डुकरांच्या तोंडासमोर झेपावली, पंख मोडल्याचं सोंग करून फरफटत लांब गेली, पण डुकरं तिच्यामागे वळली नाहीत. त्यांना पाण्याचा वास लागला होता. ती परत घरट्यावर येऊन पंख पसरून उभी राहिली. शेवटी खूर डोक्यावर आला तेव्हा उडाली.

संध्याकाळी जनावरं आली. खड्यांमध्ये टरफलं होती आणि ओल होती, आणि टिटवी त्या ओल्या जागेवर बसलेली होती.

हरिणी म्हणाली, "बाई, मी ओ दिली होती गं."

"ऐकली," टिटवी म्हणाली. "सगळ्यांचीच ऐकली."

 मग ती उठली, डोहावरून एक फेरी मारली आणि निघून गेली. 

त्यानंतरच्या दुपारी फार शांत गेल्या. खोटं कशाला बोलू, सगळ्यांना गाढ झोप लागली.

वैशाखात ओढ्यातलं शेवटचं डबकं आटलं, तेव्हा रीतीप्रमाणे सगळे मिळून डोहावर गेले. कड्याखाली भेगाळलेला चिखल होता, त्यावर खुरांच्या खुणा होत्या. कोल्हा आणि डुकरं केव्हाच दुसऱ्या रानात गेली होती.

ज्यांच्या पायात बळ होतं ते पाणी शोधायला निघाले. हरिणीचं पाडस त्या चिखलाला जीभ लावत राहिलं. त्याला चालवेना. ती त्याला चाटायची, डोक्याने ढकलायची, ते दोन पावलं जायचं आणि बसायचं. बाकीचे वळून बघत बघत पुढे गेले. हरिणी मात्र पाडसाजवळ थांबली, आणि त्या दोघांना पुन्हा कुणी पाहिलं नाही.

पोरांनो, यातून घ्यायचं ते एवढंच: आपल्यासाठी चोरावर ओरडणाऱ्याला नुसती ओ देऊन भागत नाही, जागेवरून उठून त्याच्या शेजारी उभं राहावं लागतं.