राहिलेली ओ

फार जुनी गोष्ट आहे. किती जुनी म्हणाल, तर नदीवर पूल बांधता येतो हे अजून कुणाच्या डोक्यातही आलं नव्हतं, तेव्हाची. पोरंटोरं ऐकत असतील तर त्यांनी नीट ऐकावं, आणि ज्यांचे आईबाप अजून घरात आहेत अशा मोठ्यांनी जरा जास्तच नीट ऐकावं.

एका नदीच्या काठी एक म्हातारा नावाडी राहत होता. घरात मुलगा, सून आणि सगुणा नावाची सात वर्षांची नात. घर उंच दरडीवर होतं. पलीकडचा काठ सखल, आणि तिथून नदीचं वळण आड यायचं. वरून लोंढा येतोय की ओंडका, हे पलीकडून दिसायचंच नाही. दरडीवरून मात्र सगळं दिसायचं.

म्हणून त्या घराची एक रीत होती. पलीकडे नाव लागली की परतण्याआधी नावाड्याने हाक मारायची. घरातल्या कुणीतरी दरडीवर येऊन वरच्या अंगाचं पाणी बघायचं आणि सगळं ठीक असलं तर ओ द्यायची. ओ आल्याशिवाय नाव सोडायची नाही. म्हाताऱ्याच्या आजानेही हेच पाळलं होतं.

आता ही रीत पावसाळ्याची. उन्हाळ्यात कसला लोंढा आणि कसलं काय. पण म्हाताऱ्याला हाक मारायचा नादच लागला होता. सगुणा दरडीवर येऊन उभी राहायला लागल्यापासून तर विचारूच नका. "सगुणेऽऽ" अशी हाक यायची. "ओऽऽ आजाऽऽ" अशी ओ जायची. तेवढ्यावर भागलं तर तो म्हातारा कसला! "जेवलीस काऽऽ? कशाशीऽऽ?" नावेतली माणसं हसायची. म्हाताऱ्याच्या घरी आज भाजी कोणती, हे दोन्ही काठांना कळायचं.

मुलाला याची लाज वाटायची. वाईट नव्हता हो तो. कामाचा माणूस होता, आणि कामाच्या माणसाला कुणी हाक मारली की खोळंबा वाटतो. एकदा बाजारात कुणीतरी त्याला म्हणालं, "तुझ्या बापाला नातीला विचारल्याशिवाय नदी ओलांडता येत नाही म्हणे." ते त्याच्या मनाला लागलं.

घरी येऊन तो म्हणाला, "आबा, या दिवसांत नदीतून काटकीसुद्धा वाहून येत नाही. मग ही ओरडाआरड कशाला?"

म्हातारा म्हणाला, "अरे, पाण्यासाठी कोण ओरडतंय? पोरीचा आवाज ऐकला की हात चालतात माझे."

"लोक हसतात, आबा."

"हसू दे की. रडत तर नाहीत ना?"

मुलाचा राग मात्र पोटातच राहिला.

वैशाखातला दिवस होता. म्हातारा सकाळी भाकरी खाऊन निघाला. निघताना नातीला म्हणाला, "येताना करवंदं आणतो गं. काळी काळी बघून." चांगला ठणठणीत होता. नाव स्वतःच लोटली त्याने पाण्यात.

इकडे मुलगा दरडीवर, घरापुढच्या अंगणात दुसरी नाव उपडी घालून तिच्या फटींत राळ भरत होता. राळ तापवावी लागते, आणि गार झाली की तिचा दगड होतो. हातातलं काम सोडून चालत नाही. नेमकी तेव्हाच पलीकडून हाक आली.

सगुणा घरातून धावत सुटली. मुलाने तिचं मनगट धरलं.

"थांब. ओ देऊ नकोस."

"पण बा, आजा हाक मारतोय."

"रोजच मारतो. एक दिवस ओ गेली नाही की सवय मोडेल त्यांची. येतील आपले आपण."

दुसरी हाक आली. मग तिसरी. तिसरी जरा हळू होती. सगुणेने दोन्ही हात तोंडावर दाबून धरले. मुलगा खाली मान घालून राळ भरत राहिला.

बऱ्याच वेळाने चौथी हाक आली, पण ती बाईची होती. "अहो, या हो कुणीतरी, लवकर या."

मुलाने पाण्यात उडी टाकली आणि पोहत पलीकडचा काठ गाठला. करंजाच्या खोडाला पाठ लावून म्हातारा बसला होता. तोंड घराकडे होतं. अंगात जीव नव्हता.

बांगड्यांची पाटी शेजारी ठेवून एक कासारीण तिथे उभी होती. तिला नदीपार यायचं होतं. ती रडत सांगू लागली, "मी म्हटलं, बाबा, चला की, थांबलात कशाला? तर म्हणाले, घरून ओ आली नाही. ओ आल्याशिवाय आम्ही नाव सोडत नाही."

"आणखी काय म्हणाले?"

"म्हणाले, वारा उलटा असेल. पोर ओ देत असेल, पण इथवर पोचत नसेल. मग जरा टेकतो म्हणून बसले, ते बसलेच."

मुलाने मान वर केली. वारा उलटा नव्हता. घराकडून या काठाकडेच वाहत होता. साठ वर्षं नाव चालवलेल्या माणसाला हे कळलं नसेल?

वैद्य आला. म्हाताऱ्याच्या बरोबरीचाच होता तो. त्याने नाडी बघितली आणि म्हणाला, "काळीज एकदम थांबलं. हे आज व्हायचंच होतं."

"मी ओ देऊ दिली असती तर वाचले असते का?"

"नाही रे."

"मग काय झालं असतं?"

वैद्याने म्हाताऱ्याचा हात अलगद खाली ठेवला. "काही नाही. ऐकून गेला असता."

म्हाताऱ्याच्या उपरण्याच्या गाठीत करवंदं निघाली. काळी काळी बघून घेतलेली. घरात ती कुणालाच खाववली नाहीत.

तेरा दिवस झाले. चौदाव्या दिवशी मुलाने नाव काढली, पलीकडे लावली आणि आयुष्यात पहिल्यांदा मनापासून हाक मारली, "सगुणेऽऽ"

सगुणा दरडीवर उभी होती. तिने ओ दिली नाही. तो थांबला. पुन्हा हाक मारली. नावेतली माणसं चुळबुळ करू लागली. समोर माणूस दिसतंय, आपण हाक मारतोय आणि ते बोलत नाही, हे कसं वाटतं ते त्याला तेव्हा कळलं.

घरी आल्यावर तो रागावला नाही. तिच्यासमोर बसला आणि म्हणाला, "माझ्यावर रुसलीस ना?"

सगुणा म्हणाली, "तसं नाही, बा. आजाची ओ राहिलीय माझ्याकडे. ती दिल्याशिवाय तुझी कशी देऊ?"

"मग दे की."

"ऐकायला कुणीतरी नको का? तू जा तिकडे. आजाच्या जागेवर उभा राहा."

तो पुन्हा नाव घेऊन गेला. करंजाच्या खोडाला पाठ लावून उभा राहिला. आणि दरडीवरून ओ आली, "ओऽऽ आजाऽऽ! जेवलेऽऽ! कुळथाच्या पिठल्याशीऽऽ!"

अगदी कानाशी बोलावं इतकी स्वच्छ आली. एकही अक्षर हरवलं नाही. आपल्या बापाने काय ऐकायची वाट बघितली ते त्याला सगळं ऐकू आलं, आणि तो तिथेच मटकन खाली बसून लहान पोरासारखा रडला.

पुढे त्याच्या हातची राळ कितीदा तरी गार होऊन दगड झाली, पण पलीकडून कुणाचीही हाक आली की तो उठायचा आणि आधी ओ द्यायचा. वाटसरू म्हणायचे, किती भला माणूस. तो मात्र दरवेळी जरा थांबून कानोसा घ्यायचा. एक आवाज त्यात कधीच नसायचा.

तात्पर्य: आपलं माणूस हाक मारतंय तोवरच ओ देऊन घ्यावी, मागून दिलेली ओ फक्त आपल्यालाच ऐकू येते.