जायफळाचे वेढे

नदीकाठच्या एका गावात एक सून होती, नुकतीच आई झालेली. तिच्या सासूचा भाऊ नावाडी होता. पलीकडच्या गावाला जायचं तर त्याच्या नावेशिवाय दुसरी वाट नव्हती.

एके दुपारी नावाडी बाळाला बघायला आला. सासू म्हणाली, "अगं, मामांना कॉफी कर. जायफळाचे चार वेढे उगाळ. जास्त नको हं, गुंगी येते."

सुनेने चुलीवर दूध ठेवलं, वेलदोडे कुटले आणि सहाण घेऊन बसली. एक वेढा, दोन, तीन... तेवढ्यात बाळ रडलं. ती उठली, पाळण्याला झोका देऊन आली. किती झाले होते? आठवेना. पुन्हा एकपासून उगाळायला लागली. बाळ पुन्हा रडलं. असं किती वेळा झालं, तिलाच कळलं नाही. दूध उतू जायला आलं, तसं तिने सहाणेवरचं सगळंच्या सगळं दुधात पुसून टाकलं.

घरभर वास सुटला. "वा सूनबाई! अजून एक पेला आण," नावाडी म्हणाला. सासूने एक पेला घेतला, त्याने दोन, आणि तो घाटावर गेला.

ऊन उतरलं. सासू तांदूळ निवडत होती. निवडता निवडता तिची मान कलली.

"आई, अहो आई!"

"हं," म्हणाली आणि बसल्या जागी घोरू लागली.

 सुनेने डब्यातलं जायफळ काढून बघितलं. सकाळी गोल होतं, आता एक बाजू पार सपाट. आणि मामांनी तर दोन पेले घेतलेत! बाजार करून निघालेली माणसं आता नावेत बसतील. नदीच्या मध्ये केवढा मोठा भोवरा!

सांगितलं तर गाव हसेल. साधी कॉफी जमत नाही म्हणतील. नाही सांगितलं तर कोणाला कळणार आहे? बाळाला उचलून ती दारापर्यंत आली आणि तिथेच थबकली. बाळाने तिचा पदर मुठीत धरला. नावेतसुद्धा कोणाची तरी बाळं असतील.

बाळाला छातीशी धरून ती पळत सुटली.

घाटावर नावेचा दोर सुटला होता, नाव अजून काठालाच होती. "मामा, थांबा! नाव सोडू नका! माझ्या हातून कॉफीत जायफळ जास्त पडलंय. किती, ते मलाच माहीत नाही!"

नावेतल्या बाया फिदीफिदी हसल्या. "अगं बाई, कॉफीने झोप उडते, येते कुठे?"

"आई तिकडे बसल्या बसल्या झोपल्यात. मामांनी त्यांच्या दुप्पट प्यायलीय."

"मला काय धाड भरलीय?" नावाडी म्हणाला. एवढं बोलताना त्याला जांभई आली. तोंड मिटेना. हातातलं वल्हं सुटलं आणि पाण्यात गेलं.

हसणं बंद झालं. बाया पोरांना उचलून भराभर काठावर उतरल्या. नावाडी तिथेच वाळूवर आडवा झाला, तो थेट दुसऱ्या दिवशी उठला. पलीकडे जाणाऱ्या सगळ्यांनी ती रात्र देवळात काढली.

सकाळी सून मान खाली घालून सासूपुढे उभी राहिली. सासू म्हणाली, "वेढे चुकले ते बाळामुळे. घाटावर धावलीस ती तुझ्या मनाने. चल, आता कॉफी टाक."

तेव्हापासून सून वेढे मोठ्याने मोजते. मध्येच बाळ रडलं तर सहाण धुते आणि पुन्हा एकपासून सुरुवात करते.

तात्पर्य एवढंच: आपली चूक ज्याच्या पोटात गेली, त्याला आधी सांगावी, लाजायला नंतर वेळ असतो.